जानेवारीत नकार, मार्चमध्ये सत्ता: राज्यशास्त्रातलं पहिलं संशोधन कसं करायचं

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी पहिला सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, दिला. त्याचं शीर्षक होतं ‘गोव्याचे राजकारण : एक अभ्यास’. सरांनी तो दुसऱ्याच दिवशी परत केला. आत कुठे खोडाखोड नव्हती. शीर्षकाखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते: ‘बरं, मग?’

तेव्हा राग आला होता. आता पहिल्यांदा संशोधन करणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात आणि बहुतेकांना मला हेच दोन शब्द ऐकवावे लागतात. त्यामुळे एकदाच नीट लिहून काढतो. लेखभर उदाहरण एकच घेतलंय, १९६७ च्या गोव्यातल्या जनमत कौलाचं. एकाच घटनेकडे आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धांत आणि देशांतर्गत राजकारण या तिन्ही बाजूंनी जाता येतं. शिवाय त्याचे बरेच कागद मराठीत आहेत, तेव्हा इंग्रजीची धास्ती असलेल्यांनाही सुरुवात करता येईल.

पायरी १: विषय बाजूला ठेवा, पेच शोधा

‘भारत-चीन संबंध’, ‘महाराष्ट्रातील स्त्रियांचा राजकीय सहभाग’, ‘गांधींचे राजकीय विचार’ हे सगळे विषय आहेत. विषयावर आयुष्यभर वाचता येतं, पण सहा महिन्यांत लिहून होत नाही, कारण कुठे थांबायचं ते विषय सांगत नाही. संशोधनाला पेच लागतो. दोन गोष्टी, दोन्ही खऱ्या, आणि तरी एकमेकींशी जुळत नाहीत, असं काहीतरी.

गोव्याचा पेच असा. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज राजवट संपली. पुढे काय, यावर दोन तट पडले. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, महाराष्ट्रात विलीन व्हा म्हणत होता. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष गोवा वेगळा ठेवा म्हणत होता. १६ जानेवारी १९६७ ला लोकांनाच विचारलं गेलं. विलीनीकरणासाठी चिन्ह होतं फूल आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पानं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली.

कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्येच राजीनामा दिला होता. त्यामुळे कौलापाठोपाठ मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. ३० पैकी १६ जागा मगोला, १२ युनायटेड गोवन्सना. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री.

म्हणजे ज्या पक्षाचा जन्म विलीनीकरणाच्या मागणीतून झाला, त्याची मागणी लोकांनी जानेवारीत फेटाळली आणि दोन-अडीच महिन्यांत त्याच पक्षाला राज्य करायला बसवलं. असं कसं?

हा ‘असं कसं?’ महत्त्वाचा. तुमचा प्रश्न राज्यशास्त्राशी संबंध नसलेल्या माणसाला चहा पिताना सांगून बघा. त्याने ‘असं कसं?’ विचारलं तर पेच सापडला. ‘हो का, छान’ म्हणून तो मोबाइल बघायला लागला तर तुमच्या हातात अजून विषयच आहे.

आणखी एक कसोटी लावा. तुमचं उत्तर चुकीचं ठरू शकतं का? ‘जातीचा राजकारणावर प्रभाव पडतो का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येणारच नसेल, तर तो विचारून काय उपयोग?

पायरी २: कोणत्या दाराने शिरायचं ते ठरवा

घटना एकच असली तरी दार बदललं की प्रश्न, कागद आणि पद्धत सगळंच बदलतं. पहिल्या संशोधनात तिन्ही दारांतून एकदम शिरायचा मोह होतो. तो टाळा.

*आंतरराष्ट्रीय संबंधांचं दार.* या दाराने गेलात तर १९६७ पर्यंत थांबायची गरज नाही, १८ डिसेंबर १९६१ लाच थांबा. भारतीय फौजा गोव्यात शिरलेल्या असताना संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ठराव आला: युद्ध थांबवा, भारताने फौजा मागे घ्याव्यात. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा हा ठराव. तेव्हा परिषदेत ११ सदस्य होते. बाजूने ७ मतं, विरोधात ४. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला म्हणून ठराव पडला. इथवर ‘शीतयुद्धाचं राजकारण’ म्हणून पाटी पुसून टाकता येते आणि बहुतेक जण तेच करतात. पण मतांची यादी नावानिशी वाचा. भारताच्या बाजूने सोव्हिएत संघाखेरीज सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (आजचा इजिप्त). पाश्चात्त्यांच्या बाजूने चिली आणि इक्वेडोरही. हे दोन देश स्वतः स्पेनच्या वसाहती होते, आणि वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा आमसभेने वर्षभरापूर्वी, डिसेंबर १९६० मध्ये, मंजूर केला होता. मग त्यांनी असं मत का दिलं? तत्त्व म्हणून, की अमेरिकेच्या दबावाने, की बळाच्या वापराची भीती म्हणून? नवख्या संशोधकाला झेपेल असा हा प्रश्न आहे, कारण परिषदेतली भाषणं शब्दशः छापलेली आहेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट मिळतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याचा त्या काळचा पत्रव्यवहारही खंडवार संपादित होऊन संकेतस्थळावर आहे. १९६१ ते १९६३ मधल्या दक्षिण आशियाचा खंड काढा, त्यात गोवा सापडेल.

एक सावधगिरी. ज्याचं दफ्तर उघडं असतं त्याचीच बाजू आपल्या लिखाणात मोठी होते. अमेरिकेचे कागद सहज मिळतात, म्हणून सगळी सूत्रं अमेरिकेच्या हातात होती असं वाटायला लागतं.

*राजकीय सिद्धांताचं दार.* सिद्धांत म्हणजे थोरामोठ्यांच्या विचारांचा सारांश, असा आपल्याकडे एक घट्ट गैरसमज आहे. परीक्षेच्या उत्तरांनी तो करून दिलाय. सिद्धांतातलं संशोधन एखाद्या संकल्पनेला अडचणीत आणतं आणि तिथून वाट काढतं. गोव्याच्या मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा केंद्रशासित प्रदेश. वेगळं राज्य हा पर्याय नव्हताच. ते राज्य पुढे ३० मे १९८७ ला झालं. मग जानेवारी १९६७ च्या निकालाला ‘लोकांची इच्छा’ म्हणता येईल का? ज्याने पर्याय ठरवले त्याचीही ती इच्छा नव्हती का? त्याच्याही मागे आणखी एक प्रश्न आहे: ‘लोक’ म्हणजे कोण? मुंबईत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या गोवेकरांनाही मत हवं, अशी मागणी झाली होती आणि ती मान्य झाली नाही. लोकांनी ठरवायचं असं म्हटलं, तर लोकांत कोण कोण हे आधी कुणी ठरवायचं? यावर तुम्ही बाजू घ्यायची, विरोधकाचा सगळ्यात तगडा आक्षेप स्वतःच मांडायचा आणि त्याला उत्तर द्यायचं. असा एक युक्तिवाद धड मांडता आला तरी लघुप्रबंध उभा राहतो.

*देशांतर्गत राजकारणाचं दार.* जानेवारी-मार्चचा पेच इथला. पुढच्या पायऱ्या मुख्यतः याच दाराने जातात, कारण पहिल्यांदा काम करणारे बहुतेक जण इथूनच शिरतात. त्याआधी आणखी एक पेच कुणाला हवा असेल तर देऊन ठेवतो. ऑक्टोबर १९६६ मध्ये महाराष्ट्र आणि म्हैसूर (आजचं कर्नाटक) यांच्या सीमावादावर महाजन आयोग नेमला गेला, आणि त्याच हिवाळ्यात गोव्यात कौलाची तयारी चालू होती. केंद्र सरकार एक, काळ एक, दोन्हीकडे प्रश्न ‘महाराष्ट्रात जायचं का?’ हाच. गोव्यात लोकांना विचारलं, बेळगावात न्यायमूर्तींना. का? यावर मला तरी अजून मनासारखं लिखाण वाचायला मिळालेलं नाही.

पायरी ३: आधीचं वाचा, पण मुदत घालून

साहित्याचा आढावा या नावाखाली लोक वर्ष घालवतात. दोन महिने पुरे. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर असतात, तिथून सुरुवात करा. प्रबंध अख्खा वाचायचा नाही. शेवटची संदर्भसूची आधी वाचायची. तुमच्या विषयावर कुठले कागद अस्तित्वात आहेत, याचा आयता नकाशा तिथे मिळतो. मग ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’चे जुने अंक. त्या साप्ताहिकाने हे नाव घेतलं १९६६ मध्ये, म्हणजे आपल्या घटनेच्या ऐन तोंडावर.

वाचताना प्रत्येक लेखाबद्दल तीन ओळी लिहून ठेवा: प्रश्न काय, पुरावा कोणता, माझं कुठे पटत नाही. तिसरी ओळ कोरी राहिली तर तो लेख पुन्हा वाचा.

एकमेकांवरून उतरवलेली वाक्यं ओळखायला शिका. ‘गोव्याचा जनमत कौल हे स्वतंत्र भारतातलं एकमेव सार्वमत’ हे वाक्य तुम्हाला जागोजाग भेटेल. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ मध्ये मत घेतलं गेलं, चंद्रनगरमध्ये १९४९ मध्ये, सिक्कीममध्ये १९७५ मध्ये. मग ‘एकमेव’ कुठून आलं? शिवाय १९६६ चा कायदाच मुळी ‘ओपिनियन पोल’ म्हणतो, सार्वमत नाही. शब्दांचा हा फरक कीस काढण्यासारखा वाटेल. पण संसदेत तो शब्द का निवडला गेला असेल, हा पुन्हा एक प्रश्नच. चर्चेचे वृत्तांत संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत.

चॅटबॉटला संदर्भ विचारत असाल तर विचारा, पण त्याने दिलेलं प्रत्येक पुस्तक स्वतःच्या हातात धरल्याशिवाय तळटिपेत टाकू नका. लेखक खरा, प्रकाशक खरा आणि पुस्तक मात्र कधी लिहिलंच गेलं नाही, असा नमुना मी गेल्याच सत्रात एका विद्यार्थ्याच्या मसुद्यात पाहिला.

पायरी ४: कागदापाशी जा

मजा खरी इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

पणजीला पाटो भागात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली स्थापन झालेलं. जुन्या वर्तमानपत्रांसाठी तिथे जा. पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. पुण्यात असाल तर गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय जनगणनेचे आणि सरकारी अहवालांचे खंड पाहायला बरं. कुठेही जाताना विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचं पत्र, ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स आणि पेन्सिल जवळ ठेवा. जुन्या कागदांजवळ बहुतेक ठिकाणी पेन चालत नाही. पोचल्याबरोबर यादी मागू नका. आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा की तुम्ही काय शोधताय. वीस वर्षं त्याच कपाटांत वावरलेल्या माणसाला कॅटलॉगपेक्षा जास्त माहीत असतं.

आता वर्तमानपत्रं. गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला वाटतं, मराठी वर्तमानपत्र म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूचं. पणजीच्या ‘गोमन्तक’बाबत ते बरोबर आहे. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ने मात्र विलीनीकरणाच्या विरोधात रान उठवलं आणि तेही मराठीतूनच. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातलंच. कोकणी अस्मितेचा किल्ला मराठीतून लढवला गेला, कारण ज्या वाचकाला वळवायचं होतं तो मराठी वाचत होता. तेव्हा कागद कोणत्या भाषेत आहे यावरून त्याची बाजू गृहीत धरू नका. तो कुणाशी बोलतोय ते बघा.

माझी पद्धत अशी की दोन्ही वर्तमानपत्रांचे एकाच तारखेचे अंक शेजारी शेजारी ठेवायचे. एकाच सभेची बातमी दोन्हीकडे कशी आली? गर्दीचे आकडे, मथळा, पान कितवं, कुणाचं नाव गाळलं? एका तारखेवर अर्धा दिवस जातो. पण दहा तारखा केल्यात की प्रचारात कुठला मुद्दा कधी शिरला ते तुमचं तुम्हाला दिसायला लागतं, दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून उसनं घ्यावं लागत नाही.

माझा गाढवपणाही सांगतो. पहिल्या खेपेला मी मोबाइलवर चाळीसेक फोटो काढले, बातम्यांचे अगदी जवळून, अक्षर सुरेख येईल असे. घरी आल्यावर लक्षात आलं की एकाही फोटोत तारीख नाही. सगळे फुकट गेले. तेव्हापासून आधी नाव आणि तारीख दिसेल असा अख्ख्या पानाचा फोटो, मग बातमीचा. आणि संध्याकाळी मुक्कामावर पोचलं की झोपायच्या आधी फायलींना नावं: ‘राष्ट्रमत-१९६७-०१-०९-पान१’ अशी. वर्ष आधी लिहिलं की फायली आपोआप ओळीत लागतात.

पायरी ५: छेद तपासा

आकड्यांची भीती असणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये. चौथीच्या गणिताच्या पुढे इथे काही नाही. छेद म्हणजे ज्याने भागायचं ती खालची संख्या.

गोव्यातल्या कौलाचे आकडे असे. एकूण मतदार ३,८८,४३२. प्रत्यक्ष झालेलं मतदान ३,१७,६३३. दोन पानं १,७२,१९१. फूल १,३८,१७०. दोन्ही मिळून ३,१०,३६१, म्हणजे बाद मतं ७,२७२.

दोन पानांना किती टक्के पडली? कुठे ५४.२ लिहिलेलं सापडेल. तुम्ही ५५.५ काढाल आणि आपलं चुकलं म्हणून घाबराल. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात बाद मतं धरून झालेल्या एकूण मतदानाने भागलंय, दुसऱ्यात फक्त वैध मतांनी. एकूण मतदारांनी भागा, मग ४४.३ येतात. विलीनीकरणवादी म्हणू शकतो, ‘निम्म्या गोव्यानेसुद्धा दोन पानांवर मत दिलं नाही.’ खोटं बोलत नाही तो, छेद बदलतोय. तेव्हा टक्केवारी दिसली की विचारायचं, कशाचे टक्के? आणि स्वतः लिहिताना छेद सांगितल्याशिवाय टक्केवारी लिहायची नाही.

दुसरा खड्डा याहून खोल. सासष्टी तालुक्यात दोन पानांना भरभरून मतं पडली, पेडणे तालुक्यात फुलाला. सासष्टीत ख्रिस्ती वस्ती जास्त, पेडण्यात हिंदू. झालं, लगेच निष्कर्ष: ख्रिस्ती विरोधात, हिंदू बाजूने. पण आपल्याजवळ आकडे आहेत ते भागांचे, माणसांचे नाहीत. गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या निम्म्याहून बरीच कमी होती, आणि दोन पानांना वैध मतांपैकी ५५ टक्के पडली. म्हणजे विरोधात मत देणाऱ्या हिंदूंची संख्या लहान असूच शकत नाही. तालुक्याच्या आकड्यावरून माणसाच्या मनाचा अंदाज बांधणं ही चूक आपले निवडणूक विश्लेषक दर निकालाच्या रात्री टीव्हीवर करतात. तुम्ही करू नका.

तक्ता बनवताना एका ओळीत एक मतदारसंघ ठेवा. १९६७ च्या ३० जागांमध्ये दमण आणि दीवची एकेक जागा होती. त्यांना कौलात महाराष्ट्राबद्दल विचारलं नव्हतं, गुजरातेबद्दल विचारलं होतं. त्या दोन्ही वगळून २८ वर काम करा. मार्चचे आकडे निवडणूक आयोगाच्या जुन्या सांख्यिकी अहवालात मिळतील. जानेवारीच्या मतदारसंघवार आकड्यांसाठी त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं काढा, आणि दोन वर्तमानपत्रांतले आकडे जुळले तरच तक्त्यात भरा.

आजच्या निवडणुकांवर काम करणाऱ्यांची चैन आहे. फॉर्म २० या निकालपत्रकात केंद्रवार मतं मिळतात, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं मिळतात, अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी केंद्राने निकाल एका साच्यात घालून ठेवलेत, आणि लोकनीती-सीएसडीएसची सर्वेक्षणं १९९० च्या दशकापासून सलग आहेत.

पायरी ६: एकाला तीन उत्तरं

आता पेचाला भिडायचं. पहिल्यांदा सुचलेलं उत्तर आपल्याला फार प्रिय असतं. त्याला दोन प्रतिस्पर्धी दिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

गोव्याच्या पेचाची तीन उत्तरं मला दिसतात. पहिलं, मतदार वेगळे होते. जानेवारीत ईर्षेने आलेले लोक मार्चमध्ये घरी बसले. दुसरं, मतं फुटली. युनायटेड गोवन्समध्ये तोवर सिक्वेरा गट आणि फुर्तादो गट असे दोन गट पडले होते, त्यात अपक्ष. मगोला निम्म्याहून कमी मतांतही जागा मिळत गेल्या. तिसरं, माणसं तीच होती, पण त्यांच्यापुढचे प्रश्न दोन होते. ‘महाराष्ट्रात जायचं का?’ याला त्यांनी नाही म्हटलं आणि ‘राज्य कुणी करायचं?’ याला बांदोडकर म्हटलं. कूळ आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांना भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, विरोधात उभा राहणारा पक्ष मगोच वाटत होता. कूळ कायदा १९६४ चा, बांदोडकरांच्याच काळातला.

तिन्ही पटण्यासारखी आहेत, आणि म्हणूनच पटण्यावर जाऊन चालत नाही. प्रत्येक उत्तराला विचारा: तू खरं असशील तर माझ्या तक्त्यात काय दिसायला हवं? पहिलं खरं असेल तर जिथे दोन पानं जिंकली तिथे मार्चमधलं मतदान इतर ठिकाणांपेक्षा जास्त घसरलेलं दिसेल. दुसरं खरं असेल तर जानेवारीत दोन पानं जिंकलेल्या काही जागांवर मार्चमध्ये मगो निवडून आलेला असेल आणि तिथल्या बाकी उमेदवारांची बेरीज मगोहून जास्त भरेल. तिसरं खरं असेल तर काही मतदारसंघांत मार्चमध्ये मगोला पडलेली मतं जानेवारीतल्या फुलाच्या मतांपेक्षा जास्त निघतील, म्हणजे फुलावर शिक्का न मारलेल्यांपैकीही काहींनी मगोला मत दिलेलं असेल. तिथे एकूण मतदान वाढलंय का हेही बघा, नाहीतर नवे आलेले मतदार तुम्हाला फसवतील. मगोने उमेदवार दिला नसेल ती जागा या तुलनेतून वगळा.

उत्तर मी इथे सांगत नाही. तक्ता भरला की अर्ध्या तासाचं काम आहे, ते तुमचं तुम्ही करा. बहुधा तिन्हींचं काही काही दिसेल, आणि मग ‘कुठे कोणतं?’ हा पहिल्यापेक्षा चांगला प्रश्न हाती येईल.

पायरी ७: माणसांना भेटा, पण घाई करा

मतदानाचं वय १८ झालं ते ६१ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९८९ मध्ये. १९६७ ला ते २१ होतं. म्हणजे कौलात मत दिलेला सगळ्यात तरुण माणूससुद्धा आज ऐंशीच्या घरात आहे. कागद थांबतील, ही माणसं थांबणार नाहीत. मुलाखती आधी उरका.

जाताना ओळखीच्या माणसाबरोबर जा. सकाळी जा, दुपारी वयस्कर माणसं थकलेली असतात. ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारा, आणि नाव छापायचं की नाही ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. ‘तुम्ही कुणाला मत दिलंत?’ हा पहिला प्रश्न नको. ‘त्या दिवशी केंद्रावर कसे गेलात, बरोबर कोण होतं?’ इथून सुरुवात करा. माणसाला दिवस आठवला की मत आपसूक येतं.

आणि एक गणित डोक्यात ठेवा. जिंकलेल्या बाजूला मत दिल्याचं सांगणारे दरवर्षी वाढत जातात. मी बोललो त्या लोकांच्या आठवणींवर हिशेब केला असता तर फुलाचं डिपॉझिटच जप्त झालं असतं. म्हणून किती मतं पडली ते कागदाला विचारायचं, आणि लोकांना तेव्हा काय वाटत होतं, भीती कशाची होती, घरात भांडण झालं का, हे माणसांना.

पायरी ८: लिहा

प्रस्तावना शेवटी लिहायची. सुरुवात मधूनच करा: तक्ता समोर ठेवा आणि त्यात काय दिसतंय ते बहिणीला पत्र लिहावं तसं साध्या शब्दांत लिहा. ‘सदर’, ‘प्रस्तुत संशोधक’, ‘उपरोक्त’ हे शब्द काढून टाका, वाक्यं हलकी होतील. गृहीतक हा शब्द वापरायचा तर एकदा सांगा की ते तपासायचं विधान आहे. आधीच मान्य केलेली गोष्ट असा त्याचा अर्थ लावणारे वाचक मला परीक्षकांतही भेटलेत.

इंग्रजी पुस्तकातला उतारा मराठीत आणला तरी तो त्याच लेखकाचा राहतो, तळटीप हवीच. भाषांतर केलं म्हणजे ते आपलं, अशी समजूत आपल्याकडे सर्रास आहे. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर अशी उचल बहुधा पकडत नाही, पण वाचलेला माणूस पकडतो.

प्रसिद्धीची घाई करू नका. तीन दिवसांत छापून देतो, फी अमुक, प्रमाणपत्र सोबत, अशी मेल आली की समजून जायचं. माझ्या एका मित्राने असे पैसे भरले. त्याचा लेख छापून आला तो दुसऱ्याच कुणाच्या गोषवाऱ्यासह.

मसुदा झाला की तुमच्याशी सहमत नसलेल्या एका माणसाला वाचायला द्या, गाइडच्याही आधी. मी माझा मसुदा पेडण्याच्या एका मैत्रिणीला दिला होता. पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, ‘गोव्याने विलीनीकरण नाकारलं.’ तिने ‘गोव्याने’ या शब्दाभोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘आमच्याकडे फूल जिंकलं होतं. आम्ही गोवा नाही का?’ मी तिथे ‘मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्य गोवेकरांनी’ असं केलं. बदल एका शब्दाचा होता, पण त्यापायी तिसरं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.